सोन्याच्या डबीतला दात

एका राज्यात एक जाते होते. ते दिवसा फिरे, रात्री फिरे, आणि त्यातून पीठ मात्र कधी पडत नसे.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती नव्या राणीच्या. तिचे नाव कुंदलता. डोंगरापलीकडच्या लहानशा राज्यातून ती लग्न होऊन आली, त्याला चार महिने झाले होते. बोलणे तिचे थोडे. नव्या सुनेला कोणी काही विचारत नाही, म्हणून तिला पाहायला आणि ऐकायला वेळ पुष्कळ मिळतो. तिने ऐकले की राजवाड्यात करर, करर असा आवाज होतो, आणि तो होऊ लागला की सगळे एकदम मोठ्याने बोलू लागतात.

तिने दासीला विचारले, "हा कसला आवाज?"

"ते होय? जाते आहे, राणीसाहेब."

"दळते कोण?"

"ते... आपले दळले जाते."

"मग पीठ कुठे जाते?"

दासीने पदर सारखा केला आणि तिला अचानक फार कामे आठवली.

राणीने राजमातेला विचारले. राजमाता म्हणजे मोठी करारी बाई, वीस वर्षे मुलाच्या पाठीशी भिंतीसारखी उभी. ती म्हणाली, "सूनबाई, या घरात काही आवाज ऐकायचे नसतात."

राणी "बरे" म्हणाली. पण कानांना असे सांगून कळत नाही.

एके दिवशी दुपारचे जेवण झाले आणि राजा धैर्यकेतू डाव्या कुशीवर आडवा झाला. राणी विंझणा घेऊन वारा घालत उशाशी बसली. राजाचा डोळा लागला मात्र, जाते फिरू लागले. या खेपेला ते हातभर अंतरावर होते. राजाच्या कानापुढे सुपारीएवढी गाठ उठत होती आणि बसत होती. खालचा दात वरच्यावर असा रगडला जात होता की पलंगाखालचे मांजर उठून बाहेर गेले.

राजा जागा झाला तो कपाळाच्या दोन्ही बाजू धरूनच. राणीने विचारले, "महाराज, जबडा फार दुखतो का?"

राजाने तोंड भिंतीकडे फिरवले. "तुम्ही ऐकलेत?"

"ऐकले."

"मग आता माहेरी जाल."

"जाते कुठे आहे ते कळले, म्हणून कोणी माहेरी जात नाही."

राजाला हसू आले, पण तेवढे तोंड उघडणे त्याला सोसेना.

हा राजा भला होता. लग्नात साऱ्या दरबारासमोर त्याचे नाव घेताना राणीचा आवाज फुटेना, तेव्हा हाच इतक्या जोराने खोकला होता की लोकांना वाटले, नाव घेऊन झाले, फक्त खोकल्यात बुडाले. चार महिने झाले तरी राणी ते विसरली नव्हती.

तिने राजाला तोंड उघडायला लावले. दात झिजून पाटीसारखे सपाट झाले होते. दोन तर हिरडीला टेकायच्या बेतात होते.

आता त्या राज्याचा एक रिवाज सांगायला हवा. वर्षप्रतिपदेला तेथे सुपारीचा दरबार भरे. राजाने साऱ्या प्रजेसमोर अखंड सुपारी दाताखाली धरायची आणि फोडायची. शिलालेखात कोरलेले होते : राजाच्या दाताने सुपारी फुटावी. न फुटेल त्या वर्षी राजाने मुकुट उतरवून अरण्यात जावे, राणीने माहेरी जावे. गेल्या पाडव्याला सुपारी फुटली, तेव्हा तिच्याबरोबर अर्धा दातही फुटला होता आणि राजाने तो कोणाला न दाखवता गिळला होता. येणारा पाडवा चाळीस दिवसांवर होता.

उपाय झाले नव्हते असे नाही. राजवैद्याने सांगितले होते, पोटात जंत आहेत. म्हणून राजाने बारा वर्षे वावडिंग खाल्ले. जंत असते तर केव्हाच गेले असते. ते नव्हतेच, म्हणून गेलेही नाहीत. मग एका मांत्रिकाने हनुवटीला मंतरलेला तांब्याचा पट्टा बांधला. राजाने पंधरा दिवसांत पट्टा झिजवला.

राणी खिडकीत बसली. समोर उंबर होता, आणि उंबरावर तांबट पक्षी. तांबट म्हणजे तो हिरवा, तांबड्या कपाळाचा, भर उन्हात टुक टुक करून डोके उठवणारा. राणी स्वतःशीच म्हणाली, "आत करर करर, बाहेर टुक टुक. बसावे तरी कुठे?"

टुक टुक थांबले. तांबट म्हणाला, "माझे बोलणे तरी कामाचे असते."

"मग कामाचे बोल. दातांतले तुला काही कळते?"

"मला दात नाहीत. म्हणून मी त्यांच्याविषयी निवांतपणे विचार करू शकतो. उत्तरेच्या सुळक्यावर भुवनाई जोगीण राहते. वय तीनशे, दात बत्तीस. तिला जाऊन विचार."

राणी निघाली. तांबट पुढे उडत होता, राणी मागे चालत होती. तिसऱ्या दिवशी सुळका आला. भुवनाई गुहेच्या दारात ऊस सोलून खात बसली होती.

"ये. नवरा दात खातो ना?"

"तुम्हाला कसे कळले?"

"इथवर येणाऱ्या बायका दोनच कारणांनी येतात. दुसऱ्या कारणाच्या रडत येतात." तिने ऊस बाजूला ठेवला. "तीन कामे आहेत. शंभर वर्षे न थांबलेल्या घाण्याचे तिळाचे तेल आण. बारा वर्षे न झोपलेल्या राक्षसाच्या बागेतले जायफळ आण. तेल कोमट करून कानापुढच्या गाठीपासून हनुवटीपर्यंत बोटांनी गोल चोळ, वरून गरम फडक्याने शेक दे. जायफळ दुधात उगाळ, पण चिमूटभरच. जास्त झाले तर राजा दरबारात झोपेल आणि लोक तुला नावे ठेवतील. जागेपणी त्याला सांग, ओठ मिटलेले असावेत, दात सुटलेले असावेत. दिवसा ज्याचे दात एकमेकांना चिकटून असतात, त्याचे रात्रीही सुटत नाहीत."

"आणि तिसरे काम?"

"राजाचा पहिला दुधाचा दात जिथे आहे तिथून काढ आणि जिथे जायला हवा तिथे पोचव."

राणीला वाटले, हे शेवटचे काम तर अगदीच सोपे. म्हणून तिने ते शेवटी ठेवले.

ती घाण्याच्या गावी गेली. गाव ओस पडले होते. मधोमध लाकडी घाणा फिरत होता आणि त्याला जुंपलेला पांढरा बैल चालत होता. दारात तेलीण बसली होती, पण ती शापाने दगडाची झालेली. घाण्यातून आवाज निघे, तेल निघत नसे.

राणीने विचारले, "बैलोबा, तुम्ही थांबत का नाही?"

बैल चालता चालताच म्हणाला, "मला थांब असे कोणी म्हटलेले नाही."

"शंभर वर्षांत?"

"चल म्हणणारे पुष्कळ भेटले."

राणी आडवी गेली, तिने बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा आता."

बैल थांबला. त्याने एक लांब श्वास सोडला आणि घाण्याच्या तोंडातून तेलाची धार लागली. दगडाची तेलीण हलली, पाय झाडत उठली आणि म्हणाली, "अगं बाई, मुंग्या आल्या की पायांना." तिने राणीला बुधलाभर तेल दिले आणि बैलाला पेंड घातली.

मग राणी राक्षसाच्या बागेत गेली. राक्षस जायफळाच्या झाडाला टेकून बसला होता. त्याचे डोळे पेटलेल्या चुलीसारखे लाल होते.

"बोल!" तो गरजला. "बोल, नाहीतर खातो!"

राणी बोलली नाही. तिला घाबरल्यावर बोलता येत नसे, ही तिची लहानपणची खोड होती.

राक्षस वाट पाहू लागला. वारा वाहत होता. एक पान पडले, मग दुसरे पडले. राक्षसाने विचारले, "तू मला उपाय का सांगत नाहीस? जो येतो तो सांगतो. कोणी म्हणतो पाय धुवा, कोणी म्हणतो शंभरपासून उलटे मोजा. बारा वर्षे मी उपाय ऐकतो आहे. त्या ऐकण्यानेच झोप उडते."

राणी हळूच म्हणाली, "मला ठाऊक नाही. मीच उपाय शोधायला निघाले आहे."

"मग बैस जरा," राक्षस म्हणाला. "नुसती बैस."

राणी नुसती बसली. घटकाभराने राक्षसाची मान कलली, आणि बारा वर्षांची झोप डोंगर उतरावा तशी त्याच्यावर उतरली. त्याच्या तोंडात हातभर सुळे होते, पण ते एकमेकांना लागतही नव्हते. राणीने ते पाहिले आणि तिला राक्षसाच्या बायकोचा थोडा हेवा वाटला. तिने एक जायफळ घेतले, दुसरे घेतले नाही, आणि ती पावले न वाजवता निघून आली.

राजवाड्यात तिने जोगिणीने सांगितले तसे केले. रोज तेल, रोज शेक, रोज चिमूटभर जायफळाचे दूध. राजा दरबारात बसला की ती पडद्याआडून बांगडी वाजवी. मग राजा ओठ मिटलेले ठेवून दात सोडी. प्रधानाला वाटे, महाराज अलीकडे फार विचारपूर्वक ऐकतात.

एकवीस दिवसांत कानापुढची गाठ मऊ झाली. सकाळचे डोके दुखणे गेले. राजाने पुष्कळ दिवसांनी भाकरी मागितली आणि ती दुधात कुस्करून का होईना, खाल्ली. पण झोपला की जाते फिरेच. हळू फिरे, पण फिरे. आणि पाडवा आता तीन दिवसांवर आला होता.

राणी राजमातेकडे गेली.

"आईसाहेब, महाराजांचा पहिला दुधाचा दात पडला, तो कुठे टाकला होता?"

"टाकला?" राजमाता दचकली. "राजाचा दात टाकतात होय?"

"आमच्याकडे छपरावर टाकतात. नाहीतर उंदराच्या बिळात. हा घे आणि तुझा दे, असे त्याला म्हणायचे."

"तुमच्याकडे टाकत असतील. तुमचे राज्य केवढे, सूनबाई! शत्रूच्या हाती दात लागला आणि त्याने त्यावर मूठ मारली तर? माझे कुंकू नुकतेच पुसले होते, आणि पोर सहा वर्षांचे. दरबारात एकेक लांडगा बसलेला." राजमातेचा आवाज खाली आला. "तो उंदराला द्यायचा म्हणून रडत होता. त्याच्या हातून काढून घेतला मी. सोन्याच्या डबीत ठेवला, डबीवर मंत्र घालून घेतला. ज्या हाताने मिटली त्याच हाताने उघडेल. दुसऱ्याने उघडू पाहिली तर त्याची दातखीळ बसेल, ती मरेपर्यंत सुटणार नाही."

"ती डबी उघडा, आईसाहेब."

"नाही."

"पाडवा तीन दिवसांवर आला आहे."

"मंत्र मोडला आणि पोराला काही झाले तर? ते काय तुझ्या बापाकडे मागायला जाऊ?"

राणीला या बोलण्याचे वाईट वाटले. पण ती उठून गेली नाही. दुपार झाली होती. शेजारच्या दालनात राजा झोपला होता. करर, करर. राजमाता लगबगीने मोठ्याने म्हणाली, "यंदा आंबा चांगला धरला आहे म्हणतात."

राणी काही बोलली नाही.

"मोहोर चांगला आला होता," राजमाता म्हणाली.

राणी तरीही बोलली नाही. करर, करर, करर. वीस वर्षांत राजमातेला हा आवाज कोणी असा उघडा ऐकू दिला नव्हता. कोणी ना कोणी बोलतच असे, आणि नसले तर ती स्वतः बोलत असे. तिने दोन्ही हात कानांवर नेले, मग खाली घेतले.

"असा आवाज येतो?" ती म्हणाली. "रोज?"

"रोज."

"आणि दुखते त्याला?"

"दुखते. पण तुम्हाला कळू नये म्हणून ते सकाळी गार पाण्याने तोंड धुऊन मगच तुमच्या पाया पडायला येतात."

राजमातेने डोळ्यांना पदर लावला. मग कमरेची किल्ली काढली आणि ती सुनेच्या पुढे चालू लागली.

सातव्या तळघरात सात मशाली आपोआप पेटल्या. डबी मुठीएवढी होती, पण तिचे झाकण जबड्यासारखे आवळलेले होते. राजमातेने झाकणाला हात लावला. राणीने खालून आपल्या हाताचा आधार दिला. झाकण हळूच उघडले. आत कापसावर तांदळाएवढा दात होता. राजमाता त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "केवढासा होता गं हा!"

त्याच संध्याकाळी राजाने तो दात स्वतःच्या हाताने कोठारामागच्या बिळाशी नेला. एवढा मोठा राजा, पण मातीत गुडघे टेकून बसला आणि लाजत लाजत म्हणाला, "हा घे आणि... तुझा दे."

बिळातून एक म्हातारा उंदीर बाहेर आला. मिशा पांढऱ्या, पुढचा एक दात नाही.

"माझा देऊन वीस वर्षे झाली," उंदीर म्हणाला. "तू रडत होतास म्हणून मी आधीच दिला. म्हटले, तुझा येईल मागून. आला नाही. उंदराचा दात असा आहे महाराज, की बदल्यात दुसरा पोचेपर्यंत तो उंदराचाच राहतो आणि कुरतडत बसतो. तुमच्या तोंडात बसून तो इतकी वर्षे मला शोधत होता."

राजा म्हणाला, "माझ्यामुळे तुम्ही वीस वर्षे एका दाताने खाल्लेत?"

"सवय झाली. खोबरे तेवढे सोडावे लागले." उंदराने दात घेतला, हिरडीत बसवला, दोनदा चावून पाहिला आणि आत निघून गेला.

त्यानंतर राजा झोपला तो असा की राजवाड्यातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आवाज नव्हता. लोक सवयीने मोठ्याने बोलू लागले आणि मग ओशाळून गप्प झाले.

दात खाणे सुटले. पण झिजलेले दात काही वाढले नाहीत. ते झिजलेलेच होते आणि पाडवा उजाडला.

मैदान माणसांनी भरले. राजपुरोहित चांदीच्या तबकात सुपारी घेऊन आला आणि राजाच्या कानाशी लागला. "महाराज, काळजी नसावी. तीन दिवस पाण्यात भिजवली आहे. आपल्या आजोबांच्या वेळीही असेच करत असू."

राजाने सुपारी हातात घेतली. ती खरेच मऊ होती. त्याने राणीकडे पाहिले. तिचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. मागे माहेरची पालखी रिवाजाप्रमाणे सजवून ठेवलेली होती.

राजाने ती सुपारी तबकात परत ठेवली. "कोरडी आणा," तो म्हणाला. कोरडी आली. ती त्याने उंच धरली.

"लोकहो," राजा म्हणाला, "ही माझ्याने फुटणार नाही. वीस वर्षे मी झोपेत दात खात होतो. ते झिजले. मला लाज वाटे, म्हणून मी सांगितले नाही, आणि माझ्या माणसांनी माझ्यासाठी जाते असल्याचे सोंग केले. त्यांचा दोष नाही. शिलालेख आहे तसा आहे. मी मुकुट उतरवतो."

मग मागून एका कुंभारणीचा आवाज आला, "आमचे हे पण खातात हो, महाराज!" तिच्या नवऱ्याने तिला कोपर मारले. दुसरा कोणी म्हणाला, "माझी थोरली खाते." तिसरा म्हणाला, "मीच खातो." माणसे एकमेकांच्या जबड्यांकडे पाहू लागली. राज्यात इतकी जाती फिरत होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

तरी शिलालेख शिलालेखच. राजाने मुकुटाला हात घातला.

तेवढ्यात सिंहासनाच्या पायरीवर म्हातारा उंदीर चढला. चढता चढता त्याला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. राजमातेने, जिला उंदराची भयंकर किळस होती, पदर सावरून त्याला वाट दिली. उंदीर राजाच्या तळहातावर बसला. त्याने सुपारी फिरवून फिरवून पाहिली, नवा दात तिच्यावर टेकवला आणि कड्‌ करून तिचे दोन तुकडे केले. आवाज वेशीपर्यंत गेला.

राजपुरोहित ओरडला, "हे चालणार नाही! राजाने फोडायला हवी!"

राणी कुंदलता पुढे आली. साऱ्या दरबारासमोर तिचा आवाज आज फुटला. "लेख वाचा."

पुरोहिताने चष्म्यासारखे दोन्ही हात डोळ्यांशी धरून शिलालेख वाचला : राजाच्या दाताने सुपारी फुटावी.

"या उंदराच्या तोंडातला दात कोणाचा आहे?"

"माझ्या लेकाचा," राजमाता म्हणाली. "मी ओळखते. वीस वर्षे माझ्यापाशी होता."

पुरोहिताने तबक खाली ठेवले. लोकांनी असा जयघोष केला की माहेरच्या पालखीचे भोई दचकून उठले आणि कोणी न सांगता पालखीवरची फुले उतरवू लागले.

पुढे त्या राज्यात राजापासून रंकापर्यंत सगळ्या मुलांचे दुधाचे दात उंदरालाच जाऊ लागले. पांढऱ्या बैलाच्या घाण्यावर तेलासाठी रांग लागे आणि बैल दिवसातून दोनदा विसावा घेई. राजाला दाढेवर सोन्याची टोपणे बसवून मिळाली आणि तो भाकरी न कुस्करता खाऊ लागला. उंदराला दर आठवड्याला खोबऱ्याची वाटी जाई. ती राजमाता स्वतः नेऊन ठेवी, फक्त डोळे मिटून.

पाडव्याच्या त्या दुपारी राजा पुरणपोळी खाऊन आडवा झाला. त्याचे तोंड थोडेसे उघडे होते, जबडा लहान मुलासारखा सैल पडला होता. राणी विंझणा घेऊन बसली. ऐकू येत होता तो फक्त त्याचा श्वास. लग्न झाल्यापासून तिने तो कधी ऐकलाच नव्हता. तो ऐकता ऐकता तिच्या हातातून विंझणा गळाला आणि तीही झोपली. सून दुपारी झोपली म्हणून त्या दिवशी तिला कोणी काही म्हटले नाही.

राजाराणीला सुखाची झोप लागली, तशी ऐकणाऱ्यांनाही लागो.